चिखलासाठी घडलेलं कासव

जून सरता सरता ठाण्यातल्या उपवन तलावाजवळच्या एका सोसायटीतून फोन आला, गटाराच्या कडेला चपट्या पाठीचं काहीतरी चाललंय म्हणून. गेलो, तर वॉचमनकाकांनी त्यावर बादली पालथी घालून ठेवलेली. बादली उचलली. आत वीतभर लांबीचं, शेवाळी-तपकिरी कासव. पाठीवर खवले नाहीत. कवचावर नुसती गुळगुळीत कातडी. बोट लावलं तशी मान आत गेली, मग मागचे पाय, आणि पाठोपाठ पोटाकडच्या दोन मऊ झडपांनी ती पायांची जागा झाकून टाकली.

"अहो, ह्यानं तर दार लावून घेतलं!" काका म्हणाले. मला याहून नेमकं सांगता येणार नाही.

याचं शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. कुळ मऊ कवचाच्या कासवांचं, पायाला ठळक अशा तीनच नख्या. पंक्टाटा म्हणजे ठिपकेदार. गंगेच्या खोऱ्यातल्या या कासवांच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडची बहुधा बिनठिपक्यांची. पूर्ण वाढ झाली की पाठ साधारण फूटभर. बेडूक, मासे, गोगलगायी, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, सगळं खातं.

झडपांमुळे शत्रूपासून बचाव होतोच, पण खरी गंमत उन्हाळ्यात. डबकं आटलं की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघत पडून राहतं. मऊ कातडीतून अंगातलं पाणी लवकर उडतं. पाय आत घेऊन झडपा मिटल्या की उघडं अंग कमी राहतं, ओल टिकते. पाऊस पडला की बाहेर येऊन नव्या पाण्याच्या शोधात चालू लागतं. नेमकं तेव्हाच ते आपल्या रस्त्यांवर, चाकांखाली सापडतं.

लक्ष्मी येते म्हणून ते घरात ठेवणारेही आहेत. ऐरोलीत एका घरी प्लास्टिकच्या टबात ठेवलेलं मी पाहिलं. पोटाची कातडी घासून सोललेली, पाठीवर पांढरे चट्टे. रोजचं खाणं भात आणि पोळी. पुरेसं ऊन आणि कॅल्शियम नसेल तर कासवाची हाडं ठिसूळ होतात, कवच वेडंवाकडं वाढतं. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते त्याचं पुढच्या पायांनी टबाचा तळ उकरणं. उकरायला तिथे माती नव्हतीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. ते घरी पाळणं गुन्हा आहे.

दुकानांत मिळतं ते लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. विकत घेताना रुपयाएवढं, पुढे जेवणाच्या ताटाएवढं. मग पुण्य म्हणून तलावात सोडतात आणि आपल्या कासवांच्या खाण्यात वाटेकरी वाढतो. कृपा करून सोडू नका.

आणखी एक कळकळीचं सांगणं. मादी अंडी घालते काठच्या मातीत. ठाण्याच्या कितीतरी तलावांना चहूबाजूंनी दगडी भिंती आहेत; ती वर चढणार कुठून? सुशोभीकरण करताना एक कोपरा तरी उतरता, मातीचा ठेवायला हवा.

त्या दिवशी आम्ही वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवलं आणि माणसं येईपर्यंत त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवलं. संध्याकाळी त्यांनी त्याला एका पाणथळीच्या काठावर सोडलं. बराच वेळ ते हललंच नाही. मग झडपा उघडल्या, नख्या मातीत रुतल्या, आणि थोड्या वेळाने चिखलाच्या वर फक्त नाकाचं टोक दिसत होतं.