साथीत शिकाऊ डॉक्टर कशाच्या जोरावर टिकतात?

१९५२ चा ऑगस्ट, कोपनहेगनचं ब्लेगडॅम हॉस्पिटल. पोलिओने श्वासाचे स्नायू निकामी झालेले ३१ पेशंट सुरुवातीच्या आठवड्यांत आले त्यातले २७ गेले, आणि अख्ख्या हॉस्पिटलात आयर्न लंग, म्हणजे पेशंटला आत झोपवून श्वास चालू ठेवणारं मोठं यंत्र, एकच. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छेद घेऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुफ्फुसात हवा भरायची पद्धत आणली. पण रात्रंदिवस पिशवी दाबणार कोण? मेडिकलचे विद्यार्थी! जवळपास १५०० पोरंपोरी शिफ्ट लावून महिनोन्‌महिने पेशंटच्या उशाशी बसली, तेही पोलिओची लस यायच्या आधी. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

त्यांना पैसे मिळायचे, पण तेवढ्यासाठी कोणी असा धोका पत्करेल असं मला वाटत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणूस मनापासून काम करतो तेव्हा तीन गोष्टी जुळलेल्या असतात, थोडंफार आपलं आपण ठरवता येणं, काम जमतंय हे जाणवणं आणि सोबत आपली माणसं असणं. कोपनहेगनमध्ये दुसरी गोष्ट तर अगदी डोळ्यांसमोर होती, आपण पिशवी दाबतोय म्हणून समोरचं लेकरू जिवंत आहे.

आता आपल्याकडे बघा. २०२० मध्ये मुंबईचं नायर हॉस्पिटल पूर्ण कोविडसाठी झालं, सर्जरी शिकायला आलेले रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकत हॉस्पिटलात काम करणारे डॉक्टर, पीपीई घालून कोविड वॉर्डात, आणि ठरलेली ऑपरेशन्स बंद म्हणजे शिकणंच थांबलं. तरी ते राबले, कारण बाजूला बॅचमेट होता, सीनियर होता. मग ३ मे २०२१ ला केंद्राने नीट-पीजी, म्हणजे रेसिडेंट व्हायची प्रवेश परीक्षा, किमान चार महिने पुढे ढकलली, इंटर्न्सना कोविड ड्युटीवर घ्यायचं ठरवलं आणि १०० दिवस करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य, वर पंतप्रधानांच्या नावाचा सन्मान जाहीर केला. चांगलंच आहे, पण सन्मानाने वॉर्डातली माणसं वाढत नाहीत ना. परीक्षा सप्टेंबरात झाली, काउन्सिलिंग, म्हणजे जागावाटप, कोर्टात अडकून जानेवारी २०२२ वर गेलं, तोवर फर्स्ट इयरची बॅचच नाही, तीन बॅचचं काम दोन बॅच ओढत होत्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत रेसिडेंट रस्त्यावर उतरले. दोन लाटा काढलेली हीच मंडळी होती, आणि त्यांची मुख्य मागणी होती की काउन्सिलिंग लवकर घ्या, नवी बॅच वॉर्डात येऊ द्या.