दुखावलेल्याच्या वाट्याची क्षमा

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास सांगताना बहुतेकजण पोर्तुगीजांपासून सुरुवात करतात. पण त्याची लेखी नोंद पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधीची आहे, आणि ती सुरू होते नवरा-बायकोच्या भांडणापासून. सन १३२१. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचे, संन्यासी आणि त्यांच्यासोबतचा तिफ्लिसचा दिमित्री असे चौघे ठाण्यात उतरले होते. गावात तेव्हा नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, त्यांतल्या एका घरी त्यांचा मुक्काम होता. एका संध्याकाळी यजमानाने बायकोला बेदम मारलं. ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या या चार परदेशी साधूंकडे बोट दाखवलं. साधूंना बोलावणं गेलं, पण मारहाणीचा विषय बाजूलाच राहिला. बोलणं धर्मावर घसरलं, वाद पेटला आणि एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले.

हा वृत्तांत ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाचा. तो काही काळाने ठाण्याला आला, चौघांच्या अस्थी घेऊन चीनला गेला आणि परतल्यावर १३३० मध्ये त्याने सगळी हकीकत सांगून लिहवून घेतली. थॉमसला १८९४ मध्ये चर्चने धन्य, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचा, घोषित केलं. मार खाल्लेल्या बाईचं मात्र वृत्तांतात नावही नाही. तिची तक्रार कथेला गती देण्यापुरती येते आणि संपते.

आज ठाणे-नवी मुंबईत ज्याला ‘जुन्या जखमा बऱ्या होण्यासाठी प्रार्थना’ म्हणतात, तिची मुळं शोधताना मला ही बाई सारखी आठवते. अपराध करणाऱ्याला क्षमा कशी मिळावी, यासाठी चर्चने शतकानुशतकं नियम, विधी, जागा आणि माणसं उभी केली. ज्याला लागलं त्याच्या वाट्याला आली ती बहुतेक एक आज्ञा: तू क्षमा कर. ती कशी करायची, तोवर दुखतं त्याचं काय करायचं, हे विचारायला विसावं शतक उजाडावं लागलं.

बायबलच्या मूळ वचनांत हा असमतोल नाही, हे आधी सांगायला हवं. ‘भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा?’ असं शिष्य पेत्र विचारतो आणि येशू सत्तर वेळा सात म्हणतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला हा प्रसंग प्रवचनांत हमखास येतो. त्याच अध्यायात, या प्रश्नाच्या जरा आधी, अपराध करणाऱ्या भावाकडे जाऊन त्याला एकांतात त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घेऊन जा, तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे सांग, असा रीतसर क्रम दिलेला आहे. म्हणजे तक्रार आधी, क्षमा नंतर. व्यासपीठावरून हा पहिला भाग किती वेळा ऐकू येतो, ते ज्याने-त्याने आठवून पाहावं.

तिसऱ्या शतकात एक विलक्षण प्रकार घडला. रोमन सम्राट डेशियसच्या छळात, सन २५० च्या सुमारास, पुष्कळ ख्रिस्त्यांनी जिवाच्या भीतीने देवतांना बळी वाहिले. काहीजण मात्र तुरुंगात गेले, छळ सोसून टिकले. छळ ओसरल्यावर माघार घेतलेल्यांना परत यायचं होतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये त्यांनी या टिकून राहिलेल्यांकडून शांतिपत्रं, म्हणजे ‘यांना परत घ्या’ अशा शिफारशी, लिहून आणली. ज्यांनी सोसलं, तेच इतरांना मोकळं करत होते. बिशप सिप्रियनला ते मानवलं नाही. निर्णय बिशपांनी आणि मंडळीने घ्यायचा, असा आग्रह त्याने धरला आणि पुढे तीच रीत पडली. शिस्तीच्या दृष्टीने त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण क्षमेच्या व्यवहारातून सोसलेल्या माणसाचा हात सुटायला सुरुवात झाली ती इथे, असं मला वाटतं.

तो हात पुरता सुटला नव्हता. आयर्लंडच्या मठांतून सहाव्या-सातव्या शतकात कोणत्या पापाला कोणतं प्रायश्चित्त, याच्या याद्या तयार झाल्या. सन ६१५ मध्ये वारलेल्या कोलंबानुस या आयरिश साधूच्या यादीतलं एक कलम वाचण्यासारखं आहे. भांडणात शेजाऱ्याला जखमी केलं तर त्याची भरपाई करावी. ऐपत नसेल तर तो बरा होईपर्यंत त्याचं काम स्वतः करावं आणि त्याच्यासाठी वैद्य आणावा. तो बरा झाल्यावरच भाकरी-पाण्यावरचं चाळीस दिवसांचं प्रायश्चित्त सुरू करावं. जखमी माणूस बरा होईपर्यंत अपराध्याच्या उपासतापासाला अर्थ नाही, ही समज या जुन्या यादीत आहे आणि आजच्या कितीतरी पुस्तकांत नाही.

पुढे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करावं, असा नियम केला. त्यात धर्मगुरूला कुशल वैद्याची उपमा दिली आहे, तो जखमांवर द्राक्षारस आणि तेल ओततो. पण त्या जखमा पाप करणाऱ्याच्या. सोळाव्या शतकात, ट्रेंटला भरलेल्या अशाच परिषदेनंतर, मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने जाळी लावलेली कन्फेशनची कपाटं रूढ केली. ठाणे आणि साष्टीत चर्च उभी राहिली तीही त्याच शतकात, पोर्तुगीज अमलात. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्याच काळाचं नातं सांगतं. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई घेतली, १७७४ मध्ये ठाण्यात इंग्रज आले. राज्यं बदलली, गावठाणातल्या कुटुंबांचं कन्फेशन चालू राहिलं. गोवेकर त्याला कुमसार म्हणत आले. जाळीपलीकडच्या फादरांना सांगायचं ते आपण काय केलं ते. आपल्याला काय केलं गेलं, ते सांगायची ती जागा नव्हती.

प्रोटेस्टंट बाजूलाही वेगळं नव्हतं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठं पुनरुज्जीवन, म्हणजे सामूहिक धार्मिक जागृती, झालं. शेकडो मुली मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, पापं कबूल करत होत्या. या मुली कोण होत्या? बालविधवा आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींनी कुणाचं काही वाईट केल्यापेक्षा त्यांच्यावरच कितीतरी अन्याय झाला होता. पण मोकळं होण्यासाठी त्यांना मिळालेली भाषा ‘माझं पाप’ हीच होती. त्या रडण्यात दुसरंही बरंच काही वाहून गेलं असणार. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण याच काळातलं, पण उलट्या दिशेचं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या उद्ध्वस्त झाल्या. पुढची काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याने केलेलं दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवलं नाही, त्याच्यावर हसल्या, रागावल्या, आणि संसारही केला. क्षमा हा शब्द न उच्चारता केलेल्या क्षमेचं इतकं सरळ वर्णन मराठीत दुसरं सहज सापडणार नाही.

वळण आलं ते अमेरिकेत. चीनमध्ये मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेली अ‍ॅग्नेस सॅनफर्ड ही एका पाळकाची बायको नैराश्याने ग्रासली होती. एका धर्मगुरूने प्रार्थना केल्यावर तिला बरं वाटलं आणि १९४० च्या दशकापासून ती स्वतः बरेपणाच्या प्रार्थनेवर लिहू-बोलू लागली. आठवणींचं बरेपण ही कल्पना तिची. मानसशास्त्र तेव्हा लहानपणीच्या घावांबद्दल बोलत होतंच, तिने ते प्रार्थनेत आणलं. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या काही कॅथलिकांच्या रिट्रीटमधून, म्हणजे प्रार्थना-शिबिरातून, कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारी) सुरू झाली आणि हे सगळं कॅथलिकांत आलं. डॉमिनिकन पंथाचे धर्मगुरू फ्रान्सिस मॅकनट यांनी ते मांडलं. जेझुइट पंथाचे धर्मगुरू डेनिस आणि मॅथ्यू लिन हे भाऊ आणखी पुढे गेले. मरणाला सामोरं जाणाऱ्या रुग्णांबद्दल एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये सांगितलेले पाच टप्पे, म्हणजे नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार, त्यांनी क्षमेला लावले. चर्चच्या चौकटीत राग हा पाप न ठरता वाटेवरचा एक टप्पा ठरला. याचं मोल मोठं आहे. १९७३ च्या सुधारित विधीनंतर कन्फेशन समोरासमोर बसूनही करता येऊ लागलं, त्यामुळे बोलण्याचा सूरही बदलला.

आपल्याकडे ही चळवळ सत्तरच्या दशकात मुंबईमार्गे आली. त्याच दशकात नवी मुंबई आकार घेत होती. शहर उभारणारी सिडको १९७० ची, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, लोकल वाशीपर्यंत आली १९९२ मध्ये. केरळ, तमिळनाडू, गोवा, विदर्भ, मराठवाडा अशा सगळीकडून माणसं इथे आली. ना आजी-आजोबा, ना ओळखीचं चर्च, ना गावची देवळाची पायरी. शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये, भाड्याच्या गाळ्यात प्रार्थनागट जमू लागले. मल्याळी कुटुंबं एवढी वाढली की १९८८ मध्ये सिरो-मलबार या केरळी कॅथलिक चर्चचा स्वतंत्र कल्याण धर्मप्रांत झाला. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत साक्ष देणं आणि हात ठेवून प्रार्थना करणं हे नित्याचं होतंच.

अशा रिट्रीटमधली एक प्रार्थना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिवे मंद, कीबोर्डवर एकच सूर धरलेला, सगळ्यांचे डोळे मिटलेले. प्रार्थना घेणारा आयुष्याच्या सुरुवातीपासून एकेक टप्पा घेतो: आईच्या पोटातला काळ, पहिली पाच वर्षं, शाळा, तारुण्य, लग्न. प्रत्येक टप्प्यावर दुखावलेला प्रसंग आठवायचा, त्या प्रसंगात येशू उभा आहे असं पाहायचं आणि मग नाव घेऊन म्हणायचं, ‘बाबा, मी तुम्हाला क्षमा करते.’ दारुडे वडील, टोमणे मारणारी सासू, गावठाणातल्या घराची वाटणी करताना फसवणारा सख्खा भाऊ. हुंदके ऐकू येतात. कुणाला तरी जन्मात पहिल्यांदा ‘मला लागलं’ असं म्हणायची परवानगी मिळालेली असते, आणि प्रार्थनेचं अर्धं बळ त्या परवानगीत आहे, असं माझं मत.

उरलेल्या अर्ध्याबद्दल जपून बोलावं लागतं. दोन दिवसांच्या रिट्रीटमध्ये नाव घेऊन क्षमा केली आणि पुढच्या आठवड्यात राग परत आला, तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं सांगणारेही भेटतात. लागलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पाप ठेवायचं, हा जुन्या सवयीचाच नवा अवतार. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी १९८५ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात क्षमेचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत आधी झालेली इजा आणि त्याबद्दलचा राग नीट उघडा करायचा, मग क्षमेचा निर्णय, आणि मग लांबलचक काम. क्षमा म्हणजे विसरणं नव्हे, दुसऱ्याचं कृत्य योग्य ठरवणं नव्हे आणि पुन्हा त्याच्याबरोबर राहायला जाणंही नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केलं. ठाण्याला हा विचार परका वाटायचं कारण नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ चं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इथेच १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली, आणि मनाच्या दुखण्यावर मराठीत मोकळेपणी बोलायची सवय या शहराला लावण्यात तिचा वाटा मोठा आहे.

क्षमा आणि न्याय वेगळे ठेवता येतात, याची भारतातली दोन उदाहरणं ख्रिस्ती घरांत वारंवार सांगितली जातात. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप, टिमोथी ही त्यांची दोन मुलं जाळली गेली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला. मुख्य आरोपी दारासिंगला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारियांचं. फेब्रुवारी १९९५ मध्ये इंदूरजवळ बसमध्ये समंदरसिंगने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तो २००६ मध्ये सुटला आणि २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं तेव्हा हजर होता. राखी बांधायला मधे सात वर्षं गेली होती. ही कथा सांगताना तेवढं वगळू नये.

चर्चच्या आतल्या अत्याचारांनी हा विषय अलीकडे आणखी अवघड केला. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं. भारतात त्याआधीच, २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं सक्तीचं झालं होतं. ‘झालं ते झालं, क्षमा कर आणि कुटुंब सांभाळ’ हा सल्ला अशा वेळी बेकायदेशीर ठरू शकतो. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्याच्या कलम ४ नुसार संरक्षण अधिकाऱ्याला कळवायला बाईने स्वतःच जायला हवं असं नाही. जिला किंवा ज्याला प्रकार घडतोय असं सकारण वाटतं अशा कुणालाही कळवता येतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. त्यात पास्टर येतो, फादर येतात आणि प्रार्थनागट चालवणारी ताईही.