चार अक्षरांचा माग

रक्ताचा कर्करोग झालाय असं कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "बरं होईल ना?" त्यावर डॉक्टर बहुतेक वेळा म्हणतात, "जेनेटिक रिपोर्ट येऊ दे, मग नीट सांगतो." आणि त्या एका शब्दानं घरात दुसरीच भीती शिरते. जेनेटिक म्हणजे घराण्यातलं? मुलांनाही होणार? मुलीचं लग्न ठरतंय, तिकडे सांगायला हवं का?

या भीतीचं निरसन आधी करायला हवं. रक्ताच्या कर्करोगात जे जनुकीय बदल तपासतात, त्यातले बहुतेक आईवडिलांकडून आलेले नसतात. बोन मॅरोतल्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या, एखाद्याच पेशीत आयुष्यात कधीतरी तो बदल घडतो आणि मग त्या एका पेशीची पिलावळ वाढत जाते. रुग्णाच्या त्वचेत, मेंदूत, यकृतात तो नसतो. मुलांकडे तो जात नाही. काही मोजक्या कुटुंबांत खरोखरच आनुवंशिक दोष असतो. तसा संशय आला, किंवा भाऊ-बहीण मॅरो देणार असतील, तर त्याची वेगळी तपासणी करतात. बाकीच्यांच्या बाबतीत जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन अगदी निरनिराळे शब्द आहेत. हे पहिल्याच भेटीत, निवांत बसवून सांगितलं जावं असं मला फार वाटतं.

मग रिपोर्टमध्ये शोधतात काय? अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या झपाट्यानं वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचं उदाहरण घेऊ. डॉक्टर त्याला एएमएल म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रुग्णांच्या पेशी अगदी सारख्या दिसतात, वय सारखं, केमोही तीच. तरी एक जण दहा वर्षांनी ठणठणीत असतो आणि दुसऱ्याचा आजार काही महिन्यांत उलटतो. हा फरक पेशीच्या रूपात दिसत नाही, तिच्या जनुकांत असतो, हे कळायला बराच काळ गेला. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना फिलाडेल्फियात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या एका रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये एक आखूड गुणसूत्र दिसलं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांच्या फोटोंची कात्रणं घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून जुळवली आणि १९७३ मध्ये दाखवून दिलं की आखूड गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. २२ क्रमांकाच्या आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. गुणसूत्रांची अशी मोडतोड पाहून एएमएलच्या रुग्णांचेही गट पाडता येऊ लागले.

पण एक मोठी अडचण उरली. प्रौढांच्या एएमएलमध्ये जवळपास निम्म्या रुग्णांची गुणसूत्रं पूर्ण नॉर्मल दिसतात. त्यांना काय सांगायचं?

त्यांच्यासाठीचं मोठं उत्तर २००५ मध्ये इटलीतल्या पेरुजियाहून आलं. ब्रुनो फालिनी यांचा गट रुग्णांच्या पेशींतलं न्यूक्लिओफॉस्मिन नावाचं प्रथिन रंगवून पाहत होता. हे प्रथिन एरवी पेशीकेंद्रकात असतं. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत मात्र ते केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात पसरलेलं दिसलं. जागा चुकलेलं प्रथिन पाहून त्यांनी त्याचं जनुक, एनपीएम१, वाचलं. त्यात डीएनएच्या लिपीतली चार अक्षरं जास्तीची घुसली होती.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यांत चार जास्त! पण पेशी ही लिपी तीन-तीन अक्षरांचे शब्द करून वाचते. चार अक्षरं घुसली की पुढचे सगळे शब्द एका घराने सरकतात आणि प्रथिनाचं शेपूट वेगळंच तयार होतं. मूळ शेपटात प्रथिनाला केंद्रकात बांधून ठेवणारा भाग असतो, तो जातो. नव्या शेपटात नेमका 'मला बाहेर न्या' असा निरोप येतो. एवढ्यावरून रक्त तयार करणारी पेशी वाट चुकते. हा भाग वाचताना मी अजूनही थबकते.

हा बदल असलेल्या रुग्णांना केमो सहसा चांगली लागू पडते. म्हणून एनपीएम१ हा 'चांगल्या' खुणांमध्ये मोडतो. पण तो एकटा असेल तर. त्याच्या जोडीला एफएलटी३ या जनुकाचा तुकडा दोनदा छापला गेलेला असेल, तर पेशीला वाढीचा इशारा सतत मिळत राहतो आणि आजार उलटण्याचा धोका चढतो. टीपी५३ हे पेशीवर पहारा ठेवणारं जनुक. ते बिघडलं असेल तर आजही उपचार फार कठीण जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये १,५४० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की एएमएल हा एक आजार नाहीच. एका नावाखाली निदान अकरा निरनिराळे आजार नांदत आहेत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या नियमावलीत या सगळ्या खुणांवरून रुग्णाला अनुकूल, मध्यम किंवा प्रतिकूल अशा तीन गटांत बसवतात. रिपोर्टवर 'इंटरमीडिएट रिस्क' असं लिहिलेलं असतं ते तिथून आलेलं.

इथवरचं भाकीत पहिल्या दिवसाच्या नमुन्यावरचं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते नंतरचं.

एएमएलच्या निदानाच्या वेळी शरीरात रोगट पेशी सुमारे एक लाख कोटी असू शकतात. केमोनंतर मॅरोत ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी ५ टक्क्यांहून कमी झाल्या आणि रक्त पूर्ववत झालं की डॉक्टर 'रिमिशन' म्हणतात. पेढे वाटावेत असाच तो दिवस. पण त्या दिवशीही हजार कोटींपर्यंत रोगट पेशी दडून राहिलेल्या असू शकतात आणि सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत. इथे ती चार अक्षरं उपयोगी पडतात. निरोगी पेशीत ती नसतात, रोगट पेशीत असतात, आणि डीएनएचा नेमका तुकडा शोधणाऱ्या पीसीआर तंत्रानं लाखभर पेशींतली एखादी रोगट पेशीही हुडकता येते.

ब्रिटनमध्ये हेच करून पाहिलं. एनपीएम१ बदल असलेल्या ३४६ रुग्णांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर रक्तात ती खूण अजून सापडते का, एवढाच प्रश्न. साधारण १५ टक्के रुग्णांत ती सापडली. तीन वर्षांत त्यांतल्या ८२ टक्क्यांचा आजार उलटला. ज्यांच्या रक्तातून खूण गेली होती त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के. तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात २४ टक्के, दुसऱ्यात ७५ टक्के. पहिल्या दिवशीच्या इतर कुठल्याही जनुकीय खुणेपेक्षा ही एक चाचणी जास्त बोलकी ठरली. आजार उलटलेल्या ७० रुग्णांपैकी ६९ जणांत तीच चार अक्षरं परत सापडली, म्हणजे माग काढायला ही खूण भरवशाची.

सगळ्याच खुणा अशा नसतात. डीएनएमटी३ए नावाच्या जनुकातला बदल रिमिशननंतरही रेंगाळतो, कारण तो पुष्कळदा वयोमानानं आधीच आलेला असतो. तो दिसला म्हणून आजार परततोय असं होत नाही. रिपोर्टमधली ओळ स्वतः इंटरनेटवर शोधून घाबरलेल्या माणसांना हे कोणीतरी सांगायला हवं.

या आकड्यांवर फार मोठा निर्णय टेकलेला असतो. बोन मॅरो प्रत्यारोपण आजार उलटण्याचा धोका कमी करतं, पण त्या उपचारातही जीव जाऊ शकतो. गरज नसलेल्याला त्यात ढकलणं वाईट आणि गरज असलेल्याचं राहून जाणं त्याहून वाईट. चाचणीमुळे ही निवड थोडी तरी डोळसपणे होते. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत अशा चाचण्यांवर, आणि भारतीय रुग्णांच्या जनुकीय खुणांवरून संगणकाच्या मदतीने भाकीत करण्यावर संशोधन झालं आहे.

तरीही आकडा गटाचा असतो, समोरच्या माणसाचा नसतो. ८२ टक्क्यांच्या गटातही आजार न उलटलेले शंभरात १८ जण असतातच. शिवाय भाकीत ज्या उपचारांवर बेतलेलं असतं, ते उपचार बदलले की भाकीत बदलतं. याचा सर्वांत लखलखीत पुरावा म्हणजे एएमएलचाच एक प्रकार, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल. यात १५ आणि १७ क्रमांकाची गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात. जोडून तयार झालेल्या विचित्र जनुकामुळे पेशी अर्ध्या वयातच अडकून बसते. एकेकाळी ही खूण म्हणजे सर्वांत वाईट बातमी होती. रक्तस्राव होऊन रुग्ण काही दिवसांत, आठवड्यांत दगावत. १९८५ मध्ये शांघायला वांग झेनयी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध दिलं. ते रोगट पेशीला मारत नाही, तर तिला मोठं होऊ देतं. मुलगी बरी झाली. दुसरं औषध आलं चीनमधल्याच हार्बिनहून: आर्सेनिक, आपल्या वैद्यांच्या भाषेतला सोमल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली-जर्मनीतल्या चाचणीत, फार जास्त धोका नसलेल्या रुग्णांना केमोशिवाय फक्त ही दोन औषधं दिली. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता हयात होते. केमो घेतलेल्या गटात ८६ टक्के. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९९८ ते २००४ या काळात ७२ रुग्णांवर एकटं आर्सेनिक वापरलं आणि सुमारे ८६ टक्के रुग्ण पूर्ण रिमिशनमध्ये गेले. महागडी औषधं न परवडणाऱ्या देशात हा केवढा आधार!

सटवाई कपाळावर लिहून जाते ते पुसता येत नाही म्हणतात. १५-१७ ची ती खूण आजही अगदी तशीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही, आणि आज रिपोर्टवर ती दिसली की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हायसं दिसतं. एफएलटी३चंही थोडंफार असंच झालं. त्याला रोखणारं मिडोस्टॉरिन हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि २०२२ च्या युरोपीय नियमावलीत या खुणेची जागा नव्याने ठरवावी लागली.

एक व्यवहाराची गोष्ट. एपीएलचा नुसता संशय आला तरी 'अ' जीवनसत्त्वाचं औषध रिपोर्टची वाट न पाहता लगेच सुरू करतात, कारण रक्तस्राव रिपोर्टसाठी थांबून राहत नाही. इतर प्रकारांत मात्र पहिल्या नमुन्याला पर्याय नसतो. केमो सुरू झाली की रोगट पेशी झपाट्यानं कमी होतात आणि मग नेमकी कुठली खूण शोधायची हेच कळेनासं होतं. नंतरची प्रत्येक चाचणी या पहिल्या नमुन्याशी ताडून पाहायची असते. म्हणून केमोची पहिली बाटली लागण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं: जनुकीय तपासणीसाठी मॅरोचा नमुना पाठवला का, आणि त्यातला काही भाग जपून ठेवला आहे का?