शिकारी रायफलीचे मॅगझिन: पक्के आणि सुटे यांमागचा इतिहास

रायफलीचे मॅगझिन, म्हणजे तिच्यातली काडतुसांची साठवण, तिच्या लाकडात कायमचे बसवलेले असावे की कळ दाबून हातात काढून घेता यावे, हा शिकाऱ्यांमधला शंभर वर्षांहून जुना वाद आहे. हा वाद रायफल किती झटपट भरता येते याविषयी आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात भरण्याचा प्रश्न १९०० सालापूर्वीच जवळजवळ सुटला होता. मागे राहिला तो भरलेली रायफल सुरक्षितपणे रिकामी कशी करायची हा प्रश्न, आणि शिकारी रायफलींच्या रचनेत पुढे जे बदल झाले त्यांतले बरेचसे त्याच्याच उत्तराच्या शोधात झाले.

एकापाठोपाठ एक बार काढणाऱ्या पहिल्या यशस्वी रायफलींमध्ये काडतुसे एका नळीत, एकामागे एक, आडवी ठेवलेली असत. १८६० च्या स्पेन्सर रायफलीत ही नळी दस्त्यात होती आणि तिच्यात ७ काडतुसे मावत. त्याच वर्षीच्या हेन्री रायफलीत ती नळी बंदुकीच्या मुख्य नळीखाली होती आणि तिच्यात १६ काडतुसे जात. विंचेस्टरने १८६६ साली बाजूला एक झडप देऊन भरणे सोपे केले. मात्र या रचनेत एक दोष असा होता की मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमके जिथे ते पेटते तिथे, टेकलेले असे. गोळी बोथट असेपर्यंत हे चालले. टोकदार गोळ्या आल्यावर धक्क्याने नळीतच स्फोट होण्याची भीती निर्माण झाली. लिव्हरच्या, म्हणजे ट्रिगरखालचा दांडा ओढून काडतूस चढवणाऱ्या, अमेरिकी रायफलींसाठी चपट्या टोकाची काडतुसे दीर्घकाळ वापरली गेली, त्यामागचे कारण हेच.

काडतुसे एकामागे एक ठेवण्याऐवजी एकावर एक, बोल्टच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) खाली, स्प्रिंगवर उभ्या असलेल्या पेटीत ठेवावीत, ही कल्पना जेम्स पॅरिस ली यांनी प्रत्यक्षात आणली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, कॅनडात वाढलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या ली यांना १८७९ साली तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यांची पेटी सुटी होणारी होती, म्हणजे आज ज्याला आपण आधुनिक म्हणतो तो प्रकार आधी आला. पण ती सुटी करून दुसरी लावायची हा तिचा व्यवहारातला उपयोग झालाच नाही. ब्रिटिश सैन्याने १८८८ साली घेतलेल्या ली-मेटफर्ड रायफलीत मॅगझिन हरवू नये म्हणून ते साखळीच्या दुव्याने रायफलीलाच जखडलेले असे. पुढच्या ली-एन्फिल्डमध्ये १० काडतुसांची पेटी होती. तीही सैनिक ५-५ काडतुसांच्या पट्ट्यांनी वरूनच भरत असे आणि पेटी काढत असे ती साफसफाईसाठी. पेटी सुटी होती, तिचा वापर मात्र पक्क्या मॅगझिनसारखाच होता.

शिकारी रायफलीची घडण ठरवली ती जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझर यांनी. त्यांच्या १८८९ च्या बेल्जियन रायफलीत काडतुसांची एकच रांग असल्यामुळे पेटी ट्रिगरच्या पुढे खाली लोंबत असे. १८९३ च्या स्पॅनिश रायफलीत त्यांनी तीच ५ काडतुसे नागमोडी, दोन रांगांत बसवली आणि पेटीची खोली इतकी कमी झाली की ती लाकडाच्या पोटात गडप झाली. या रचनेची किंमत अमेरिकी सैन्याला १८९८ साली क्यूबात सान हुआन टेकडीवर कळली: त्यांच्या क्राग रायफलीत काडतुसे बाजूच्या दारातून सुटी टाकावी लागत, तर समोरचे स्पॅनिश सैनिक पट्टीवरून एका दाबात पाचही काडतुसे आत सरकवत. त्यानंतर अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफिल्ड रायफल माउझरच्याच धर्तीवर बनवली. माउझरची स्वतःची १८९८ ची रायफल तर पुढच्या शतकातल्या बहुतेक शिकारी बोल्ट-रायफलींची मूळ पुरुष ठरली. तिच्या मॅगझिनच्या तळाची पट्टी काढायची असेल तर ट्रिगरच्या कड्याजवळच्या छोट्या छिद्रात काडतुसाचे टोक खुपसून आतली कळ दाबायची असते.

शिकाऱ्यांना पोटातले मॅगझिन आवडले, त्यामागे केवळ सवय नव्हती. जंगलात दिवसभर रायफल हातात धरून चालणारा माणूस ती तोलाच्या जागी, म्हणजे ट्रिगरच्या थोडी पुढे धरतो, आणि पेटी लोंबते ती नेमकी तिथेच. लाकूड सपाट असले तर बोटे पूर्ण वळतात, पेटी असली तर तिची कड तळव्यात रुतत राहते. दुसरे कारण पोलादाचे आहे. माउझरमध्ये काडतुसाला चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते जिथे बसते त्या खोबणीकडे, वळवणाऱ्या कडा रायफलीच्या मुख्य पोलादातच कोरलेल्या असतात, त्या वाकत नाहीत. सुट्या मॅगझिनमध्ये हे काम पेटीच्या पातळ पत्र्याचे दोन ओठ करतात. पेटी एकदा दगडावर पडली आणि एक ओठ केसभर वाकला, तरी काडतूस तिरके चढून बोल्ट अडकू शकतो. शिवाय सुटे मॅगझिन हरवते, घरी विसरते, आणि हरवले की उरते ती एकबारी रायफल. समोर चवताळलेले जनावर असताना या बाबी किरकोळ ठरत नाहीत. माउझरच्या यंत्रणेवर लंडनच्या रिग्बी कंपनीने बांधलेली .२७५ रायफल १९०७ साली, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल, संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेट यांना भेट दिली होती. तिचे काडतूस म्हणजे इंग्रजी नाव धारण केलेले ७ मिलिमीटर माउझरच, आणि तिचे मॅगझिन अर्थातच पक्के.

पण संध्याकाळी तंबूत परतल्यावर हीच रायफल रिकामी करायची, तर बोल्ट मागेपुढे करत एकेक जिवंत काडतूस चेंबरजवळ आणून बाहेर फेकावे लागे. थंडीने बधिर झालेली बोटे, अंधार, आजूबाजूला माणसे, आणि प्रत्येक खेपेला पेटण्याच्या तयारीतले काडतूस नळीच्या तोंडाशी: शिकारीतले अपघात अशा क्षणीही घडतात. यावर कारागिरांनी पहिला उपाय केला तो मॅगझिनच्या तळाला बिजागरी लावण्याचा. कळ दाबली की तळ दारासारखा उघडतो आणि सगळी काडतुसे तळहातावर पडतात. विंचेस्टरच्या १९३६ च्या मॉडेल ७० मुळे ही सोय अमेरिकेत सर्वपरिचित झाली. रेमिंग्टनच्या १९६२ च्या मॉडेल ७०० मध्ये साध्या प्रकाराला बंद तळ आणि महागाला बिजागरीचा, असा फरकच ठेवलेला होता. कळ सैल असली तर ऐन बाराच्या धक्क्याने तळ उघडून काडतुसे गवतात सांडतात, हा बिजागरीचा दोष. बंद तळाच्या बाजूने आजही बोलणारे लोक तो हटकून पुढे करतात.

याहून देखणा उपाय ऑस्ट्रियात सापडला होता. फर्डिनांड मानलिखर यांची आधीची रचना ५ काडतुसांची धातूची पकड काडतुसांसकट आत ढकलण्याची होती. शेवटचे काडतूस वर गेले की रिकामी पकड खालून गळून पडे. ती पकड नसली तर मॅगझिन निरुपयोगी होत असे, आणि शिकाऱ्याला ही अडचण परवडणारी नव्हती. १९०३ च्या मानलिखर-शोनाउअर रायफलीत ओटो शोनाउअर यांचे फिरते चाक आले: दात्यांच्या चाकावर ५ काडतुसे गोलाकार बसत, एकमेकांवर घासत नसत, आणि बाजूचे बटण दाबले की सगळी वरच्या तोंडातून हातात येत. पक्के मॅगझिन इतक्या सहज रिकामे करणारी दुसरी जुनी रचना क्वचितच सापडेल. ती घडवणे मात्र महाग होते.

भारताचा या इतिहासातला धागा लहान आहे, पण वेगळा आहे. लष्कराचे .३०३ काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये या ब्रिटिश धोरणामुळे इथे .३१५ काडतुसाच्या रायफली रुजल्या. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी बनवलेली ‘३१५ बोअर’ ही ली-एन्फिल्डच्याच कुळातली, त्यामुळे भारतीय परवानाधारकाला माउझरच्या सपाट पोटाऐवजी लीची लोंबती पेटी ओळखीची झाली. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर परवान्याची शिकार संपली आणि ही चर्चा आपल्याकडे नेमबाजांपुरती उरली.

सुट्या मॅगझिनचा शिकारीतला प्रवेश आधी स्वयंभरण रायफलींतून झाला, आणि तोही सरळ रेषेत नव्हे. रेमिंग्टनच्या १९०६ च्या मॉडेल ८ चे मॅगझिन पक्के होते, तर विंचेस्टरच्या १९०७ च्या मॉडेलचे सुटे. दुसऱ्या महायुद्धानंतर रेमिंग्टनची १९५२ ची पंप रायफल (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस चढवणारी) मॉडेल ७६० आणि १९५५ ची स्वयंभरण मॉडेल ७४० या दोन्ही सुट्या पेटीच्या निघाल्या. पेन्सिल्व्हेनियात मोठ्या जनावरांच्या शिकारीला स्वयंभरण रायफल चालत नसल्यामुळे तिथे पंप रायफलीला फार मागणी राहिली. या काळात शिकारी मोटारीने जंगलाच्या कडेपर्यंत जाऊ लागला होता. वाहनात बसताना, कुंपण ओलांडताना, दिवसातून अनेकदा रायफल रिकामी करायची तर पेटी काढून खिशात टाकणे हाच सर्वांत सोपा मार्ग होता. पुढे कारखान्यांचा हिशेबही त्याच बाजूला झुकला. फिनलंडच्या टिका टी-३ या २००३ च्या रायफलीचे प्लॅस्टिकचे मॅगझिन खर्च वाचवणारे होते आणि जुन्या पिढीने त्याला नाके मुरडली, तरी रायफल जगभर खपली. मॅगझिन हरवण्याच्या भीतीवर साकोने २००६ च्या मॉडेल ८५ मध्ये तोड काढली: पेटी आधी वर दाबून मगच कळ दाबावी लागते, त्यामुळे झुडपाच्या फांदीने ती सुटत नाही, शिवाय ती जागेवर असतानाच वरूनही भरता येते. मला ही तडजोड सर्वांत शहाणपणाची वाटते.

कायद्याने या वादात उडी घेतल्यावर मात्र विषयच पालटला. युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठीच्या १९७९ च्या बर्न कराराने दोनपेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या मॅगझिनची स्वयंभरण शस्त्रे शिकारीच्या निषिद्ध साधनांत घातली. जर्मनीत शिकारी अनेक वर्षे दोन काडतुसांची सुटी पेटी लावून अशा रायफली वापरत होते. मार्च २०१६ मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने म्हटले की पेटी बदलता येते त्या रायफलीला मोठी पेटीही लागू शकते, म्हणून ती शिकारीला चालणार नाही. म्हणजे रायफलीत काय आहे यापेक्षा काय बसू शकेल, यावर निर्णय झाला. शिकाऱ्यांत खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी संसदेने शिकार कायदा बदलून एकूण तीन काडतुसे भरण्याची मर्यादा घातली.

कॅलिफोर्नियात २००० सालापासून लागू झालेल्या नियमांत स्वयंभरण रायफलीचे मॅगझिन काढायला अवजार लागत असेल तर ते ‘सुटे’ धरले जात नव्हते, आणि काडतूस हे अवजार मानले गेले होते. उत्पादकांनी लगेच अशी कळ काढली की ती बोटाने दाबता येत नाही, गोळीच्या टोकाने मात्र दबते. २०१६ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली: रायफलीची यंत्रणा खोलल्याशिवाय निघत नाही तेच मॅगझिन आता तिथे पक्के समजले जाते. बोल्टच्या रायफलींना ही व्याख्या लागू नाही, त्यामुळे १८९८ च्या माउझरचा तळ काडतुसाच्या टोकाने उघडायला तिथे आजही कोणाची हरकत नाही.