येत होतं, पण आठवलं नाही

परीक्षा देऊन आलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की त्यातलं नवल आता जाणवतच नाही. येत होतं तर आठवलं का नाही? नोकरी सांभाळून दोन वर्षं अभ्यास केलेला, कायद्याची कलमं झोपेतून उठवलं तरी सांगेल असा उमेदवार प्रश्नपत्रिका उघडतो आणि डोक्यात एकदम शुकशुकाट होतो. वेळ संपते, पेपर गोळा होतात, तो जिना उतरू लागतो आणि तिसऱ्या पायरीवर ते कलम आकड्यासकट त्याच्यापुढे उभं राहतं. याचा अर्थ माहिती पुसली गेली नव्हती. तिच्यापर्यंत जायची वाट त्या तीन तासांपुरती अडली होती. डॉक्टर, वकील, लेखापाल, वैमानिक अशा कुठल्याही व्यवसायाच्या मोठ्या परीक्षेला बसणाऱ्याने ही एक गोष्ट मनात पक्की धरावी असं मला वाटतं, कारण तयारी कशी करायची हे त्यावर ठरतं.

वाट अडते कशी, हे समजायला शंभर वर्षं मागे जाऊ. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि राग यांनी शरीरात काय घडतं यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धोका दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही आता सर्वांच्या ओळखीची कल्पना त्यांचीच. त्या ग्रंथात परीक्षेबद्दल एक छोटी नोंद आहे. वैद्यकीय शाखेच्या ९ विद्यार्थ्यांच्या लघवीत एरवी साखर नसे. अवघड परीक्षेनंतर तपासली तेव्हा ४ जणांच्या लघवीत ती सापडली, सोप्या परीक्षेनंतर फक्त एकाच्या. फुटबॉल संघातल्या २५ खेळाडूंचीही तशीच तपासणी झाली. मोसमातल्या सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर १२ जणांच्या लघवीत साखर होती, आणि त्या १२ पैकी ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, बाकावर बसून होते.

परीक्षेला बसलेला माणूस त्या पाच जणांसारखा असतो. त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी रक्तात अॅड्रेनलिन सोडलेलं असतं, यकृताने साठवलेली साखर बाहेर काढलेली असते, हृदय जोरात चालू असतं, पचन मंदावलेलं असतं. सगळी तयारी धावण्याची, आणि काम मात्र खुर्चीत बसून लिहिण्याचं. पोटात गोळा येणं, तळहाताला घाम फुटणं, तोंडाला कोरड पडणं हे सगळं याच तयारीतून येतं. यात आजार कसलाच नाही.

अॅड्रेनलिन काही सेकंदांत काम सुरू करतं. त्याच्यामागून कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक येतं, पण सावकाश. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती अधिवृक्क ग्रंथीला, आणि मग कॉर्टिसॉल वाढत वाढत साधारण वीस-तीस मिनिटांनी शिखरावर पोहोचतं. आठवणींची वाट अडवण्यात याचा मोठा हात आहे. १९९८ साली द केर्व्हें, रोझेंडाल आणि मॅकगॉ या संशोधकांनी उंदरांना पाण्याच्या हौदात बुडवलेल्या फळीची जागा शिकवली. दुसऱ्या दिवशी चाचणीआधी त्यांना विजेचा हलका धक्का दिला. चाचणीच्या दोन मिनिटं आधी धक्का बसलेल्या उंदरांना फळी सापडली, चार तास आधी बसलेल्यांनाही सापडली. अडखळले ते अर्धा तास आधी धक्का बसलेले, कारण चाचणीच्या वेळी त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक चढलेलं होतं. पुढे माणसांना कॉर्टिझोनची, म्हणजे शरीरात ज्याचं कॉर्टिसॉल होतं त्या औषधाची, गोळी देऊन पाहिलं, तेव्हा आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवण्यात त्यांचीही अशीच अडचण झाली. आठवणी हुडकून काढणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणाऱ्या पेशी भरपूर आहेत.

त्या अर्ध्या तासाचा विचार मी वारंवार करते. परीक्षा केंद्राच्या दाराशी घोळका जमतो आणि कोणीतरी विचारतं, "ते शेवटचं प्रकरण केलंस ना? त्यावर हमखास येतं म्हणे!" छातीत धस्स होतं. प्रश्नपत्रिका हातात पडायला तेव्हा बरोबर अर्धा तास उरलेला असतो. उंदरांवरचा प्रयोग थेट माणसाला लावता येत नाही हे मान्य, पण त्या घोळक्यापासून लांब उभं राहण्यात तोटा काहीच नाही.

ताणाचा दुसरा घाव कपाळामागच्या भागावर, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर बसतो. दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरायच्या, त्यांची जुळणी करायची, नको तो विचार बाजूला सारायचा, ही कामं तिथे होतात. मेंदूशास्त्रज्ञ एमी आर्न्स्टन यांनी कित्येक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं आहे, की नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनांचं प्रमाण बेताचं असेल तर हा भाग उत्तम चालतो, आणि ताणाखाली त्यांचा पूर आला की त्याची पकड सुटते. मनाचा हा फळा मुळातच लहान. त्यावर गणित मांडायचं असताना ‘नापास झालो तर’, ‘घरी काय सांगू’, ‘शेजारचा पुरवणी मागतोय’ अशा ओळी उमटत राहिल्या, तर गणिताला जागा उरणार कुठून?

१९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक शरीराची खळबळ: धडधड, घाम, थरथर. दुसरी काळजी, म्हणजे डोक्यात अखंड चालणारं ते बोलणं. त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं, की गुणांची घसरण मुख्यतः काळजीशी जोडलेली असते. नुसत्या धडधडीशी तिचा संबंध बराच कमी असतो. हे कळल्यावर कितीतरी उमेदवारांना हायसं वाटेल, कारण त्यांची अर्धी काळजी ‘माझी धडधड थांबत का नाही’ हीच असते.

म्हणूनच "शांत राहा" हा सल्ला मला पटत नाही. प्रेमापोटी दिलेला असला तरी तो अशक्य काम सांगतो, आणि ते जमलं नाही की माणूस स्वतःवर आणखी चिडतो. २०१० साली जेरेमी जेमीसन आणि सहकाऱ्यांनी पदव्युत्तर प्रवेशाची जीआरई देणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. सराव परीक्षेआधी काही जणांना इतकंच सांगितलं, की परीक्षेत जाणवणारी ही उत्तेजना कामगिरी बिघडवत नाही, उलट मदतही करू शकते. गणिताच्या भागात हे विद्यार्थी इतरांपेक्षा सरस ठरले, आणि पुढे प्रत्यक्ष जीआरईतही त्यांचे गणिताचे गुण जास्त आले. अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली पाहिलं, की भाषण किंवा गणिताआधी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं मानणारे अधिक चांगलं करतात. धडधड तीच असते, फक्त तिला नाव दुसरं दिलेलं असतं. वेगात पळणाऱ्या हृदयाला अचानक थांबवण्यापेक्षा त्याच्या वेगाला कामाला जुंपणं सोपं.

पण नुसत्या नावाने भागत नाही. खरं काम त्याच्या कितीतरी आधी, अभ्यासाच्या टेबलापाशी करायचं असतं.

आपल्यापैकी बहुतेक जण अभ्यास म्हणजे वाचन समजतात. एकदा वाचायचं, खुणा करायच्या, पुन्हा वाचायचं, परीक्षा जवळ आली की खुणा केलेलं तेवढं वाचायचं. दर खेपेला पान अधिक ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं, हे आता आलं. ओळखणं आणि आठवणं यांत मात्र मोठं अंतर आहे. रस्त्यात दिसलेला चेहरा आपण लगेच ओळखतो, नाव काही केल्या जिभेवर येत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीनदा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपली तयारी चांगली झाल्याची खात्री मात्र नुसतं वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

ताणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग दहा वर्षांनी झाला. एमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लॉर्क आणि आयाना थॉमस यांनी १२० जणांना शब्द आणि चित्रं शिकवली; निम्म्यांना पुन्हा पुन्हा पाहून, निम्म्यांना पुन्हा पुन्हा आठवून. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काहींना परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. या प्रकाराने भल्याभल्यांचं कॉर्टिसॉल चढतं. साधारण पंचवीस मिनिटांनी, म्हणजे ते शिखराशी असताना, स्मरणाची चाचणी घेतली. पाहून शिकलेल्यांची ताणाखाली पीछेहाट झाली. आठवून शिकलेल्यांना ताणाने जवळजवळ धक्काच लावला नाही. ताणात असतानाही ते, ताण न दिलेल्या पण पाहून शिकलेल्या लोकांच्या पुढे होते.

वारंवार आठवल्याने एकाच आठवणीकडे जायच्या अनेक पायवाटा पडत असाव्यात, एक बंद झाली तर दुसरी चालू राहते, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. तपशील काही असो, उमेदवाराने करायचं ते स्पष्ट आहे. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडलं की लगेच उघडून पाहू नका, थोडं झगडा. तो झगडाच अभ्यास आहे. मग ताडून पाहा, सुटलेलं दुसऱ्या रंगाने भरा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच करा. सुरुवातीला हे फार निराश करतं. चार वेळा वाचलेल्या प्रकरणातल्या सहाच ओळी कागदावर उतरल्या की जीव घाबरा होतो आणि हात पुन्हा पुस्तकाकडे जातो. तिथे थांबलं पाहिजे. ही निराशा घरी आली हे बरंच, नाहीतर ती परीक्षेच्या दालनात आली असती.

सराव परीक्षाही खऱ्यासारख्या द्याव्यात: प्रत्यक्ष पेपर ज्या वेळी आहे त्याच वेळी, घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मधे न उठता. पहिल्या एक-दोन खेपांना धडधडेल, आणि धडधडावंच. पाचव्या-सहाव्या खेपेला शरीराला ती परिस्थिती ओळखीची होते. सरावात अडल्यावर तो प्रश्न सोडून पुढे जायची सवयही इथेच लावून घेता येते. नंतरच्या एखाद्या प्रश्नातला शब्द कधी कधी मागची अडलेली आठवण ओढून आणतो. जिन्यावर जे आपोआप घडतं, त्याला खुर्चीतच थोडी संधी मिळते.

आदल्या रात्रीच्या जागरणाबद्दल फार लिहायची गरज नसावी, तरी लोक ते करतातच. डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना बिघडतो तितका बिघडतो. शिवाय दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं, म्हणजे जागरण करणारा माणूस कालचाही अभ्यास सैल करतो. जागण्यासाठी घेतलेली कॉफी तर लांबवर पाठलाग करते. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनमुळे झोप तासाहून अधिक कमी झाल्याचं २०१३ सालच्या एका प्रयोगात आढळलं.

दालनात बसल्यावर एक साधन प्रत्येकापाशी असतं, ते म्हणजे श्वास. श्वास सोडताना व्हेगस ही चेता हृदयाचा वेग किंचित कमी करते, घेताना तो वाढतो. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवला, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, तर दोन-तीन मिनिटांत फरक जाणवतो. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवण्याचा उपाय २०११ साली खूप गाजला होता. पण २०१८ साली नामवंत नियतकालिकांतले २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा त्यातला प्रयोगशाळेतला परिणाम पुन्हा दिसला नाही. ज्याला लिहून मोकळं वाटतं त्याने जरूर लिहावं, पण त्यावर विसंबू नये. धडधड थांबवणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी मित्राकडून घेऊन खाणं मात्र सरळ धोक्याचं आहे. दमा असलेल्याचा श्वास तिने कोंडू शकतो. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय अशी अवस्था असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं आणि डॉक्टरांकडे जावं. परीक्षा पुन्हा देता येते.

लांबलेल्या ताणाची किंमत शरीर खरोखरच मोजतं. १९९८ साली दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर, त्यांच्या संमतीने, साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली गेली. एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. अकराच्या अकरा जणांत हेच दिसलं. मेंदूबद्दलची नोंद मात्र दिलासा देणारी आहे. २००९ साली लिस्टन, मॅक्यूएन आणि केसी यांनी महिनाभर मोठ्या परीक्षेच्या तयारीत बुडालेल्या २० वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू तपासले. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं त्यांना जड जात होतं, आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे इतर भागांशी असलेले दुवे सैल झालेले होते. परीक्षा संपून ताण ओसरल्यावर महिन्याने पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांच्यात आणि ताण नसलेल्या सोबत्यांत फरक उरला नव्हता. निकाल मनासारखा न लागलेल्याने पुढच्या प्रयत्नाचं वेळापत्रक आखताना पहिला महिना त्यात कोरा सोडावा.