मऊ स्प्रिंगची एअरगन आणि अनोळखी टर्नरचं फिजिक्स

जुन्या एअरगनमध्ये, म्हणजे छर्र्याच्या बंदुकीत, कोणी हात घातलेला दिसला की बहुतेक वेळा समजून जायचं, हिची वाट लागलेली असणार. कारण करणाऱ्याच्या डोक्यात एकच असतं, जोर वाढवायचा. मग कुठलीतरी जाडजूड कडक स्प्रिंग आणून आत कोंबायची, नाहीतर दोन चार वॉशर टाकून आहे तीच अजून दाबायची, आणि मग बंदूक आवाज मोठा करते, हाताला दणका देते आणि छर्रा मात्र कुठेही जातो. म्हणून कोल्हापुरातल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात तीन बदललेल्या एअरगन दिसल्या तेव्हा मी फार आशेने बघितलंच नव्हतं. पण त्यातल्या एकीने मला अक्षरशः जागेवर खिळवलं, कारण तिच्यात ज्या कोणी टर्नरने, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराने, काम केलंय त्याने जोर वाढवला नव्हता, कमी केला होता!

ती होती डायना २७ या मॉडेलच्या घाटाची, नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून भरायची. डायना म्हणजे जर्मनीतल्या राश्टाट गावची कंपनी, १८९० पासूनची, आणि तिचे नमुने जगभर कॉपी झालेत. दुकानाच्या मालकांना विचारलं, "काका, आत काय केलंय हिच्या?" तर म्हणाले, "उघडूनच दाखवतो की, सांगून काय कळणाराय." आणि त्यांनी खरंच दस्ता काढून, मागचा पेच व्यवस्थित दाबून धरत सोडवून सगळा ऐवज काउंटरवर वर्तमानपत्रावर मांडला.

आता आत काय असतं ते आधी सांगतो. या बंदुकीत हवा भरून ठेवलेली नसते, हा गैरसमज खूप लोकांना असतो. आत साधारण इंचभर रुंदीचं सिलेंडर, त्यात पिस्टन आणि पिस्टनमागे स्प्रिंग. नळी मोडली की पिस्टन मागे जाऊन अडकतो, चाप ओढला की स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि समोरची हवा दाबली जाऊन तीन चार मिलिमीटरच्या एका भोकातून छर्र्याच्या मागे पोचते. चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतं. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तेच इथे, फक्त इतक्या झटक्यात की उष्णतेला भिंतीत जायला वेळच मिळत नाही. समजा हवेचा दाब ८० पट झाला, तर गणिताने तिचं तापमान हजार केल्विनच्या वर जातं, म्हणजे ७५० अंश सेल्सियसच्या पुढे. प्रत्यक्षात थोडं कमी भरेल कारण काहीतरी उष्णता जातेच, पण तेल पेटायला तेवढं भरपूर आहे. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, आणि एअरगनमध्ये तेल जास्त झालं की ती धूर सोडते, फटाक्यासारखी वाजते, त्यालाही डिझेलिंगच म्हणतात. इंग्लंडमधल्या कार्ड्यू बापलेकांनी यावर एक मस्त प्रयोग केला होता, त्यांनी बंदूक नायट्रोजनमध्ये ठेवून झाडली, म्हणजे ऑक्सिजनच नाही, जळणार काय, आणि छर्र्याचा वेग चांगलाच खाली आला. म्हणजे चांगल्या अवस्थेतल्या बंदुकीतही थोडंफार तेल जळून जोराला हातभार लावत असतं.

आता काउंटरवरच्या त्या पिस्टनकडे येतो. पुढे चामड्याचा वॉशर, वाटीच्या आकाराचा, नवा कापून बसवलेला. काकांचं म्हणणं, हे चामडं चपलेवाल्याकडचं असणार, आणि मला ते पटलं कारण कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं वनस्पतीने कमावलेलं चामडं ओलं करून साच्यात दाबलं की वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं, वाटीला नेमकं हेच लागतं. दाब वाढला की वाटीची कड बाहेर ढकलली जाते आणि सिलेंडरला आपोआप घट्ट बसते, म्हणजे जितका दाब जास्त तितकं सील पक्कं. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात गिरार्दोनी नावाची हवेवर चालणारी रायफल होती, दस्त्यातच हवेची टाकी, एका दमात वीस गोळ्या, आणि तिचंही सील चामड्याचंच.

पण खरी कमाल वॉशरमागे होती. स्प्रिंग मूळच्यापेक्षा मऊ, तिची दोन्ही टोकं घासून सपाट केलेली, आणि आत नायलॉनचा एक दांडा लेथवर इतका मापात काढलेला की स्प्रिंग त्यावर बोटाने ढकलत सरकवावी लागत होती. हवा जायच्या भोकात पितळेचं बुश, म्हणजे छोटी नळी घालून भोक थोडं लहान केलेलं. हे सगळं कशासाठी? तर पिस्टन भिंतीवर आदळू नये आणि उसळूही नये म्हणून.

कडक स्प्रिंग घातली की पिस्टन फार वेगाने पुढे येतो, छर्रा जेमतेम हललेला असतो तोवर समोरच्या हवेचा दाब एकदम चढतो आणि पिस्टन त्या हवेवरून उसळून चक्क मागे येतो. छर्र्याला पुढे ढकलायचं सोडून हवा पिस्टनलाच मागे ढकलत बसते, आणि मग पिस्टन दुसऱ्यांदा पुढे येईपर्यंत छर्रा निघून गेलेला असतो. चांगल्या बंदुकीतही स्प्रिंगच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच छर्र्यापर्यंत पोचतो, बाकीची उष्णतेत, आवाजात आणि धक्क्यात जाते. म्हणजे स्प्रिंग कडक करून वाढतो तो बराचसा वायाच जाणारा भाग. आणि हा धक्का बंदुकीला दोन बाजूंनी बसतो, पिस्टन सुटला की बंदूक आधी मागे येते, तो थांबला की पुढे जाते, आणि छर्रा अजून नळीत असताना ही हालचाल चालू असते. म्हणूनच खऱ्या रायफलीचा धक्का सहज सोसणारी दुर्बीण या साध्या छर्र्याच्या बंदुकीवर खिळखिळी होते, कारण ती पुढच्या दिशेचा झटका धरून बनवलेलीच नसते.

यावर मोठ्या कंपन्यांनी पण खूप डोकं लावलंय. डायनाने गिस पद्धतीत दोन पिस्टन विरुद्ध दिशांना सोडले म्हणजे धक्के एकमेकांना मारतात, फाइनवेर्कबाउने सगळी यंत्रणाच रुळावर सरकती ठेवली म्हणजे नेमबाजाच्या खांद्याला काही कळतच नाही. आमच्या या अनोळखी टर्नरकडे तसलं काही नव्हतं, त्याने आहे त्याच बंदुकीत जोर थोडा सोडून दिला आणि शांतपणा मिळवला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरने गेला तर ऊर्जा होते साडेसात ज्यूलच्या आसपास, आणि १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतही साधारण एवढीच असते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला वर्ल्ड चॅम्पियन झाला तो याच प्रकारात. त्या रायफली आता आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात हे खरं, पण टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो जोराने मिळत नाही.

दुसरी बंदूक आयएचपीची. इंडियन ह्यूम पाइप, म्हणजे वालचंद हिराचंदांची सिमेंटचे पाइप बनवणारी कंपनी, त्यांनी एकेकाळी एअरगनसुद्धा काढल्या होत्या हे आज कितीजणांना माहिती असेल! हिच्यात स्प्रिंग काढून गाडीच्या डिकीचा वायू भरलेला शॉकर बसवलेला. कल्पना वाईट नाही, इंग्लंडमध्ये थिओबेन कंपनीने १९८० च्या दशकात स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू वापरून अशा बंदुका यशस्वी केल्या, वायू थकत नाही आणि स्प्रिंगसारखा पिळतही नाही. पण डिकीच्या शॉकरमध्ये मुद्दाम तेल आणि बारीक छिद्र ठेवलेलं असतं, डिकी धाडकन उघडू नये म्हणून. मग तोच शॉकर पिस्टनलाही झटक्यात कसा जाऊ देईल? काका म्हणाले, "छर्रा नळीतनं बाहेर येतोय एवढंच." करणाऱ्याला वायूची ताकद दिसली, वेगावर घातलेला ब्रेक दिसला नाही.

तिसरी बीएसए या इंग्लिश कंपनीची, तिची ५.५ मिमीची नळी आतून मोठी करून ४.५ मिमीची दुसरी नळी बसवलेली. काम सफाईदार आहे, आणि कारणही सरळ असावं. ४.५ चे छर्रे कुठेही मिळतात, शिवाय आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना चालते ती ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतलीच.

अशी हात लागलेली एअरगन तुमच्या घरी माळ्यावर सापडली, आणि जुन्या वाड्यांमधून अजून सापडतात, तर आधी नीट जाणणाऱ्याकडून उघडून घ्या. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, मागचा पेच घरी सोडवायला गेलात तर ती तोंडावर येईल. छर्रा न भरता चाप ओढून बघू नका, समोर अडवणारं काही नसलं की पिस्टन थेट भिंतीवर आपटतो आणि वॉशर फाटतो. आणि छर्रा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा, चापाची खाच कुणी घासून हलकी केली असेल तर ती कधीही सुटू शकते आणि नळी बोटांवर मिटते.