फुकट सॉफ्टवेअर: देणगीतलं आणि गिऱ्हाइकाच्या बिलातलं

परळच्या आमच्या छोट्या संस्थेत देणगीदारांची नोंदवही कॉम्प्युटरवर गेली ती ‘फुकट’ सॉफ्टवेअरवर. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, त्याचं वर्षाचं भाडं भरलं होतं. एप्रिल उजाडला, कंपनीने पैसे शाळांच्या शौचालयांकडे वळवले (त्यात गैर काहीच नाही), आणि आमचं लॉगिन बंद! मिळालेल्या देणग्यांचा तपशील आयकर खात्याला देणारा १०बीडी फॉर्म ३१ मेपर्यंत भरायचा, आणि देणगीदारांचे पॅन नंबर आत अडकलेले.

हे झालं देणगीतलं फुकट. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. कशावर, ते बोर्ड ठरवणार.

दुसरं फुकट गिऱ्हाइकाच्या बिलातलं. सॉफ्टवेअर बनवणाराच व्यापाऱ्यांना असा दर लावतो की संस्थांचा खर्च त्यातच भागतो. याला लोक सर्रास सीएसआर म्हणतात, पण नेहमीच्या धंद्यातलं काम कायद्याने सीएसआरमध्ये धरत नाहीत. मुंबईकराला हा हिशेब ओळखीचा आहे. बेस्टच्या विजेच्या पैशातून बसचा तोटा वर्षानुवर्षं भरून निघायचा. कुलाब्याच्या दुकानात दिवा लागायचा, त्यावर बस चालायची. पुढे वीजबिलात बसच्या तुटीची वेगळी आकारणी दिसू लागली आणि कुरकुर वाढली. रास्तच होती ती: बस मुलुंडपर्यंत, वीज मात्र माहीम-शीवच्या अलीकडेच.

सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त सोपं जातं. आणखी एक संस्था जोडली तर सर्व्हरवर फारसा भार पडत नाही. महाग असतो तो फोनवर समजावणारा माणूस. म्हणून फुकटवाल्यांचा फोन सगळ्यात शेवटी उचलला जातो. जीएसटीच्या बिलातली चूक दोन दिवसांत सुधारते, देणगीदाराला करसवलतीसाठी लागणाऱ्या ८०जीच्या पावतीतली पुढच्या तिमाहीत. पैसे भरणाऱ्याचं आधी, हे गृहीतच धरायचं. तरी मला हेच बरं वाटतं; निदान दर एप्रिलला धाकधूक नसते.

मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-नोंदींचं सॉफ्टवेअर आणखी वेगळं. त्याचा कोड मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही तो घेऊन वापरावा; कंपनी कमावते ती होस्टिंग (आपल्या सर्व्हरवर चालवून देणं) आणि सपोर्टवर. सर्व्हर स्वतः सांभाळायची तयारी असेल तर तुम्हाला बाहेर काढणारं कोणी नाही. आमच्याकडे ती तयारी नव्हती.

आता विक्रेता आला की दोनच गोष्टी विचारतो: पैसे भरणारी गिऱ्हाइकं किती, आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये आत्ता काढून दाखवाल का? परवा एकाने पहिल्याचं उत्तर झटकन दिलं. दुसऱ्याला म्हणाला, “आधी चहा घेऊया.”